कोळशाच्या कोठीतील छायाचित्रकर्ती

स्मरणिकेसाठी इतिहासातील एखाद्या स्त्रीविषयी लिही, अशी मंडळाची आज्ञा झाली. राण्या व वीरांगना यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचले आहे. म्हणून मी एका गृहिणीची निवड केली. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हे तिचे नाव.

ज्युलियाबाईंचा जन्म ११ जून १८१५ रोजी कलकत्त्यास झाला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. १८३८ मध्ये तेथेच कायदेपंडित चार्ल्स हे कॅमेरॉन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८४८ मध्ये हे कुटुंब विलायतेस गेले आणि १८६० मध्ये वाइट बेटावरील फ्रेशवॉटर या गावी राहू लागले. मुले मोठी झाली. यजमानांच्या सिलोनातील कॉफीच्या मळ्यांकडे फेऱ्या होत. बाईंना विरंगुळा म्हणून १८६३ च्या डिसेंबरात लेक-जावयांनी एक कॅमेरा भेट दिला. तेव्हा त्यांचे वय ४८ होते.

स्टुडिओ कोठून आणावयाचा? कोळशाची कोठी रिकामी करून तिची अंधारखोली केली. कोंबड्यांचे काचेचे खुराडे होते. कोंबड्या बाहेर काढल्या आणि तेथे माणसे बसविली.

काम मात्र सोपे नव्हते. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य ओतावयाचे, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि फोटो घेताच अंधारखोलीत धुवावयाची. काच वाळली की श्रम फुकट! रसायनाने हात काळे पडत. समोरच्या माणसास कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. अखेर जानेवारी १८६४ मध्ये ॲनी नावाच्या एका मुलीचा फोटो मनासारखा उतरला, आणि त्याला बाईंनी ‘माझे पहिले यश’ असे नाव दिले.

त्या काळचे धंदेवाईक फोटोग्राफर माणसास नखशिखान्त, लख्ख उजेडात उभे करीत. बाईंनी कॅमेरा जवळ नेला. मागे काळोख, पडदे ओढून एका बाजूने येणारा उजेड, अर्धा चेहरा छायेत. रेषाही किंचित मऊ ठेवलेल्या. शेजारी राहणारे कवी टेनिसन, ज्योतिर्विद हर्शेल, भाची ज्युलिया जॅक्सन यांची चित्रे पाहताना तो माणूस आपल्याशीच काही विचार करीत आहे असे वाटते. आपण त्यांना काळी-पांढरी म्हणतो, परंतु कागदावरील मूळ ठसे तपकिरी छटेचे आहेत. जाणकारांनी ‘अस्पष्ट, डागाळलेली’ म्हणून नावे ठेवली. बाईंनी आपली रीत सोडली नाही. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने १८६५ मध्ये त्यांची चित्रे विकत घेतली व १८६८ मध्ये कामासाठी दोन खोल्याही दिल्या.

एक गोष्ट मला विशेष सांगावयाची आहे. घरातील मोलकरीण मेरी हिलियर हिला बाईंनी वारंवार समोर बसविले. टेनिसनच्या चेहऱ्यावर जो उजेड, तोच मेरीच्या चेहऱ्यावर. परंतु टेनिसनच्या चित्राखाली टेनिसनचे नाव आहे. मेरी मात्र बहुतेक ठिकाणी येशूची माता म्हणून किंवा दुसऱ्याच कोणाच्या रूपात दिसते. हातातील काम टाकून बसावयास तिला ‘नाही’ म्हणता येत असेल काय, हेही मनात येते. १८७५ मध्ये कॅमेरॉन दांपत्य सिलोनला गेले. तेथील मळ्यांवर काम करणाऱ्यांचीही थोडी चित्रे बाईंनी काढली; त्यांतील बहुतेकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. २६ जानेवारी १८७९ रोजी सिलोनातच बाईंचे निधन झाले.

बाईंचा उद्योग आपण अवश्य उचलावा. खिडकीशेजारी एका अंगाने येणारा उजेड आणि मागे एखादे गडद लुगडे एवढे प्रत्येक घरी असते. हातातील मोबाइलही पुरतो. पन्नाशीही आड येत नाही. मात्र त्यांच्याकडून राहून गेले ते आपण करू या. घरातील जुने फोटो काढून, ओळखणारी माणसे आहेत तोवर प्रत्येकामागे पेन्सिलीने नाव लिहावे. ‘अमक्यांचे कुटुंब’ असे नव्हे, तर त्या बाईचे स्वतःचे नाव. आणि कडेला मूल घेऊन उभी असलेली जी कामवाली असेल, तिचेही.