कॉल स्टॅक ही बखर नव्हे

चालता प्रोग्रॅम अडकला की आपण डीबगर जोडतो आणि कॉल स्टॅक उघडतो. प्रोग्रॅम इथवर कसा पोचला, याचा तो वृत्तान्त आहे असेच आपल्याला शिकवलेले असते. जीडीबीतल्या आज्ञेचे नावही 'बॅकट्रेस', म्हणजे मागे जाणारा माग. हा समज इतका रुळला आहे की त्याला पुरावा मागावा असे कोणाला वाटत नाही. माझ्या मते तो चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगले प्रोग्रॅमरही तासन्‌तास भलत्या जागी बग शोधत बसतात. स्टॅक सांगतो ते झालेले काम नसून राहिलेले काम असते.

पूर्वपक्ष कमजोर नाही. तळाशी 'मेन', त्याने बोलावलेले फंक्शन त्याच्यावर, त्याने बोलावलेले आणखी वर. प्रत्येक फ्रेममागे खरोखर झालेला एक कॉल असतो. मग हा इतिहास कसा नाही? पण जे दिसते ते घडलेले आहे, एवढ्यावरून जे घडले ते सगळे दिसते असे निघत नाही.

समजा, 'मेन'ने आधी 'वाच'ला बोलावले. 'वाच'ने फाइलमधून चुकीचा आकडा आणला आणि ते संपले. मग 'मेन'ने 'हिशेब'ला बोलावले आणि तिथे प्रोग्रॅम कोसळला. स्टॅकवर 'मेन' आणि 'हिशेब' एवढेच दिसतील. खरा गुन्हेगार 'वाच', पण त्याची फ्रेम कधीच गेली; बहुधा तिच्याच जागेवर 'हिशेब'ची फ्रेम बसली आहे. पंचतंत्रात सिंह आणि सशाची गोष्ट चालू असते, तेव्हा विष्णुशर्म्याची आणि पिंगलक-संजीवकाची गोष्ट उघडी असते. पाचर उपटणाऱ्या वानराची गोष्ट त्याआधीच सांगून संपलेली असते. उघड्या गोष्टींची यादी केली तर वानर तिच्यात सापडणार नाही.

आता यंत्रालाच विचारू. एक्स-८६ प्रोसेसरची 'कॉल' ही सूचना स्टॅकवर ठेवते तो पत्ता तिचा स्वतःचा नसतो, तिच्या पुढच्या सूचनेचा असतो. कुठून आलो याची नोंद यंत्र करत नाही. परतल्यावर कुठून सुरू करायचे याची करते. कॉलची ओळ दाखवण्यासाठी डीबगरला तो पत्ता एकाने मागे सरकवून शोध घ्यावा लागतो. मूळ हेतूही हाच होता. १९४६ च्या एसीई संगणकाच्या आराखड्यात ॲलन ट्युरिंगने उपकामाला जाताना मुख्य काम कुठे सोडले ते पुरून ठेवण्याची आणि परतताना उकरून काढण्याची योजना मांडली, ती परत येता यावे म्हणूनच.

याहून निर्णायक पुरावा टेल कॉलचा. एखाद्या फंक्शनचे शेवटचे काम दुसऱ्या फंक्शनला बोलावणे एवढेच असेल, तर जीसीसी 'ओ-२' पातळीवर बहुतेक वेळा त्या कॉलची सरळ उडी करून टाकतो आणि पहिल्याची फ्रेम नाहीशी होते. ते फंक्शन चालले होते हे निर्विवाद, तरी स्टॅकवर त्याचे नाव नाही, कारण तिथे परतायचे काही उरलेलेच नाही. स्टॅक इतिहास असता, तर ही नोंद खोटी ठरली असती. राहिलेल्या कामांची यादी म्हणून ती तंतोतंत खरी आहे.

कोणी म्हणेल, नाव काहीही द्या, व्यवहारात फरक काय पडतो? फरक पडतो तो कोणत्या प्रश्नासाठी स्टॅक उघडायचा यात. प्रोग्रॅम थिजला असेल, तर प्रश्न वर्तमानाचा असतो: कोण कशासाठी थांबले आहे? इथे स्टॅकसारखा साक्षीदार नाही. जावाच्या प्रोसेसवर 'जेस्टॅक' चालवा. दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट पाहत असतील, तर तो तसे स्पष्ट लिहून देतो. काही सेकंदांच्या अंतराने तीन डंप घ्या. तोच थ्रेड तिन्ही वेळा त्याच ओळीवर दिसला, तर तो बहुधा तिथे अडकला आहे. वरच्या फ्रेम बदलत असतील, तर काम चालू आहे, फक्त संथ आहे.

'हा आकडा कधी बिघडला' हा प्रश्न मात्र भूतकाळाचा. त्यासाठी लॉग हवा, किंवा मोझिलात घडलेल्या 'आरआर'सारखे साधन, जे प्रोग्रॅमची धाव नोंदवून ठेवते. मग त्या आकड्यावर वॉचपॉइंट लावून धाव उलटी चालवली, की जिथे तो लिहिला गेला तिथेच ती थांबते. त्या क्षणी 'वाच' पुन्हा स्टॅकवर दिसते, कारण तेव्हा त्याचे काम अजून संपलेले नसते.