हवाईयन गिटार

हवाईयन गिटार : तारांवर धातूची कांडी सरकवून वाजवण्याचे तंतुवाद्य, स्लाइड गिटारचा एक प्रकार (पहा : गिटार). उगम हवाई बेटांवर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. श्रेय सामान्यतः जोसेफ केकुकू यांना देतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांनी, तर रागसंगीतात ब्रिजभूषण काब्रा यांनी ती वाजवली. वाद्य मांडीवर आडवे असते. तारा उंचावलेल्या असतात. नवशिक्यास सा-प-सा-ग-प-सा ही जुळवणी सोयीची. कांडी तार न दाबता, नेमकी पडद्याच्या पट्टीच्या वर येईल अशी तारेवर टेकवतात. कांडीमागील बोटांनी अनावश्यक नाद रोखतात. अखंड मींड निघत असल्याने गायकी अंगाचे वादन शक्य होते (पहा : मींड; विचित्रवीणा). विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा हे तिचेच भारतीय रूपांतर होय.