वजन कमी करायचं इंजेक्शन : लोक काय म्हणतात अन् खरं काय?

गावाकडं चांगली तब्येत म्हणजे अंगानं भरलेला माणूस. कुणी बारीक झाला की लोक आधी विचारतात, "बरं नव्हतं का?" तिकडं पुण्यात वजन उतरवायला आठवड्याला एक सुई टोचून घेणारे लोक आहेत. पुण्यात नोकरीला असलेल्या पोरांमुळं ही चर्चा आता गावातही पोचली आहे. म्हणून या औषधांची माहिती एका ठिकाणी देत आहोत.

औषधं कोणती?

मौंजारो (टिरझेपाटाइड) मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) जून २०२५ मध्ये भारतात आलं. जेवल्यावर आतड्यातून एक हार्मोन सुटतं, जे मेंदूला 'पोट भरलं' असा निरोप देतं. ही औषधं त्याच हार्मोनसारखं काम करतात. भूक कमी लागते आणि पोट हळू रिकामं होतं. मुळात ही शुगरची औषधं आहेत. पुढं वजनासाठीही त्यांना मान्यता मिळाली.

"हा आळशी माणसाचा शॉर्टकट आहे"

हे सगळ्यात जास्त ऐकू येतं. पण वजन फक्त खादाडपणानं वाढत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बाया आणि जवळपास २३ टक्के पुरुषांचं वजन जास्त निघालं. म्हणजे चौघांत एक. एवढे सगळे आळशी कसे असतील? झोप, ताण, इतर औषधं, आईबापाकडून आलेली ठेवण, हे सगळं त्यात येतं.

"टोचलं की झालं, पथ्य कशाला?"

ही दुसरी टोकाची समजूत. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं. पण त्या लोकांना आहार आणि व्यायामाचा सल्लाही चालू होता. औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आलं. चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून डाळ, अंडी, दूध आणि अंगमेहनत सोडून चालत नाही.

"आधीची औषधं बंद पडली, ही पण पडतील"

ही शंका उगाच नाही. वजनाचं सिब्युट्रामिन हे औषध हृदयाच्या धोक्यामुळं भारतात २०११ मध्ये बंद झालं. त्याआधी २००९ मध्ये रिमोनाबँट बंद झालं होतं, कारण त्यानं नैराश्य येत होतं. नव्या औषधांचा अनुभव वेगळा आहे. हृदयविकार असलेल्या, पण शुगर नसलेल्या १७ हजारांवर लोकांवर सेमाग्लुटाइडची चाचणी झाली. त्यात हार्ट अटॅक, लकवा, हृदयविकारानं मृत्यू हे प्रकार २० टक्के कमी झाल्याचं २०२३ मध्ये समोर आलं. तरी मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ हे त्रास होतात. क्वचित पित्ताशयात खडे होतात किंवा स्वादुपिंडाला सूज येते.

पुण्याचा अभ्यास काय सांगतो?

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बाया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडातली साडेतीन किलोची. पण वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगातली चरबी त्या मानानं कमी नव्हती. याज्ञिक आणि एक इंग्रज डॉक्टर, दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण चरबी इंग्रजाच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. म्हणून आपल्याकडं नुसत्या काट्यावर जाऊ नका. कंबर मोजा, शुगर आणि बीपी तपासा. बारीक दिसणाऱ्यालाही शुगर होते.

औषध कुणासाठी?

बीएमआय ३० च्या वर असेल, किंवा २७ च्या वर असून शुगर, बीपी यांसारखा आजार असेल, अशांसाठी. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाला हा हिशेब साधारण ८२ किलो आणि ७४ किलो असा बसतो. लग्नाआधी चार-पाच किलो उतरवायला हे औषध नाही. गरोदर बाईनं घेऊ नये. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. घरात कुणाला थायरॉईडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरला आधी सांगा. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या चालू असतील तर शुगर एकदम उतरू शकते, त्यामुळं आपल्या मनानं सुरू करू नका.

खर्च

मौंजारो आलं तेव्हा सर्वात लहान डोसची बाटली ३,५०० रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिना १४ हजार. वेगोव्हीचा सुरुवातीचा डोस महिना १७,३४५ वरून नोव्हेंबर २०२५ मध्ये १०,८५० वर आला. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी झाली. स्वस्त झालं की खेड्यातही मागणी वाढणार, आणि चिठ्ठीशिवाय विकणाऱ्यांचंही फावणार.

हे लक्षात ठेवा

- हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा आहे.
- औषधानं लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. व्हॉट्सअॅपवर कुणी तसं विकत असेल तर लांब राहा.
- पक्कं बिल घ्या, बॅच नंबर आणि मुदत बघा.
- न उघडलेलं औषध २ ते ८ अंश तापमानात फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. जिथं लाईट दिवसदिवस जाते तिथं हे आधी विचारून घ्या.
- एकाचं पेन दुसऱ्यानं वापरू नये, सुई बदलली तरी नाही.
- पोटात जोराची कळ येऊन पाठीकडं गेली, उलट्या थांबेनात, तर पुढचा डोस न घेता लगेच दवाखाना गाठा.

आणि कुणी डॉक्टरच्या सल्ल्यानं हे औषध घेत असेल तर त्याची टिंगल करू नका. बीपीच्या गोळीला कुणी हसत नाही. लोक हसतात म्हणून माणूस औषध लपवून घेतो आणि त्रास झाला तरी बोलत नाही. खरा धोका तिथं आहे.