विनोदी जादूगार आणि प्रयोगशाळा : जेम्स रँडी (१९२८–२०२०) यांच्या कार्याचा चिकित्सक आढावा

प्रस्तावना

विज्ञानाच्या इतिहासात जादूगाराला सहसा स्थान दिले जात नाही. रंगमंचावर लोकांना फसवून उपजीविका करणारा मनुष्य सत्यशोधनाच्या कामी येऊ शकतो, ही कल्पनाच विद्वज्जनांना काहीशी विचित्र वाटते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जेम्स रँडी या जादूगाराने मात्र ही कल्पना केवळ मांडली नाही, तर नामवंत प्रयोगशाळांच्या दारात नेऊन उभी केली. रँडी यांच्याजवळ कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांनी शालेय शिक्षणही अर्धवट सोडले होते. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनकार्याचा आढावा घेताना एका प्रश्नावर विशेष भर दिला आहे : फसवणूक ओळखण्याचे ज्ञान हे स्वतंत्र ज्ञान मानावे काय, आणि मानल्यास त्याची किंमत कोणी व कशी मोजावी?

जडणघडण

रँडी यांचा जन्म ७ ऑगस्ट १९२८ रोजी कॅनडातील टोरांटो येथे झाला. त्यांचे मूळ नाव रँडॉल जेम्स हॅमिल्टन झ्विंगे. लहानपणी हॅरी ब्लॅकस्टोन या प्रसिद्ध जादूगाराचा कार्यक्रम पाहून ते या कलेकडे ओढले गेले. पुढे सायकलच्या अपघातामुळे दीर्घकाळ प्लास्टरमध्ये पडून राहावे लागले, तेव्हा जादूविषयक पुस्तकांचे वाचन हाच त्यांचा विरंगुळा होता. वयाच्या सतराव्या वर्षी शाळा सोडून ते एका फिरत्या जत्रेतील खेळात दाखल झाले. तेथे डोक्याला फेटा बांधून ‘प्रिन्स आयबिस’ या नावाने ते प्रयोग करीत. पूर्वेकडील गूढाचा आव आणल्याशिवाय तिकडच्या प्रेक्षकांना जादू खरी वाटत नसे, हेही त्या काळाचे एक वैशिष्ट्यच होय.

त्यांच्या विचारांना दिशा देणारी घटना याआधीच, पंधराव्या वर्षी, घडली होती. टोरांटोतील एका प्रेतावाहनवादी प्रार्थनागृहात धर्मोपदेशक भाविकांनी दिलेले बंद लिफाफे न उघडता त्यांतील मजकूर सांगत असे. ही युक्ती जादूगारांना जुनी परिचित. पहिल्या लिफाफ्याचा मजकूर उपदेशक स्वतःच कल्पून सांगतो व सभेत बसलेला त्याचा हस्तक ‘तो माझाच’ म्हणून होकार देतो. मग पडताळणीच्या निमित्ताने जो लिफाफा फोडला जातो, तो वस्तुतः दुसऱ्याच कोणाचा तरी असतो. त्यातील मजकूर पुढच्या खेपेस ‘अंतर्ज्ञानाने’ सांगितला जातो आणि साखळी चालू राहते. रँडी यांनी व्यासपीठावर जाऊन ही लबाडी उघड केली. भाविक संतापले, मुलाला पोलिस ठाण्यात नेण्यात आले आणि वडील येईपर्यंत त्याला तेथेच थांबावे लागले. फसवणारा सुटतो व फसवणूक दाखविणारा अडकतो, हा अनुभव त्यांना पुढेही अनेकदा आला.

तारुण्यात त्यांनी ‘झोरान’ या टोपणनावाने कॅनडातील एका नियतकालिकात राशिभविष्याचे सदरही चालविले. इतर मासिकांतील भविष्ये कापून, मिसळून, वाटेल तशी चिकटवायची, एवढीच त्यांची ‘पद्धत’ होती. वाचकांना ती भविष्ये खरी वाटतात हे लक्षात येताच त्यांनी सदर बंद केले.

रंगमंच, विनोद आणि हूडिनीची परंपरा

सुटकेच्या प्रयोगांमुळे रँडी यांना प्रथम कीर्ती मिळाली. १९५६ मध्ये एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते पाण्याखाली बुडविलेल्या बंद पेटीत १०४ मिनिटे राहिले. १९२६ मध्ये हॅरी हूडिनी याने अशाच प्रयोगात सुमारे दीड तास काढला होता. १९७४ मध्ये नायगारा धबधब्यावर उलटे टांगून घेऊन त्यांनी जखडबंद अंगरख्यातून स्वतःची सुटका करून घेतली. त्याच सुमारास अ‍ॅलिस कूपर या रॉक गायकाच्या दौऱ्यात ते रोज रात्री शिरच्छेद करणाऱ्या मारेकऱ्याची व माथेफिरू दंतवैद्याची भूमिका करीत. भीती आणि हसू यांचे हे मिश्रण त्यांच्या स्वभावाला मानवणारे होते. हसणारा प्रेक्षक सैलावतो आणि नेमक्या त्याच क्षणी हात आपले काम उरकतो, हे प्रत्येक विनोदी जादूगार जाणतो. रँडी यांचे वेगळेपण असे, की त्यांनी हाच विनोद उलट्या दिशेने, म्हणजे दाव्यामागचा दबदबा उतरविण्यासाठी, वापरला. बनावट चमत्कारांना ते दरवर्षी १ एप्रिल रोजी ‘पिगासस’ नावाचा, उडत्या डुकराचा उपहासात्मक पुरस्कार जाहीर करीत.

जादूगाराने परीक्षक व्हावे ही प्रथा रँडी यांनी सुरू केली नाही. १९२० च्या दशकात ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने प्रेतात्म्यांच्या खऱ्या प्रकटीकरणासाठी बक्षीस जाहीर केले, तेव्हा परीक्षक समितीत प्राध्यापकांबरोबर हूडिनी यालाही घेण्यात आले होते. १९२४ मध्ये बॉस्टनच्या ‘मार्जरी’ या माध्यम स्त्रीच्या चाचण्यांत तो सहभागी झाला आणि बक्षीस अखेर कोणालाच मिळाले नाही. रँडी यांनी हीच परंपरा दूरचित्रवाणीच्या युगात आणली. १९६४ मध्ये एका नभोवाणी चर्चेत परामानसशास्त्राच्या एका अभ्यासकाने ‘एवढी खात्री असेल तर पैसे लावा’ असे त्यांना डिवचले. त्यावर त्यांनी स्वतःच्या खिशातले एक हजार डॉलर देऊ केले. हीच रक्कम वाढत जाऊन पुढे दहा लाख डॉलरवर पोहोचली.

उरी गेलर प्रकरण

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी इस्रायलमधून आलेल्या उरी गेलर याने केवळ मनःशक्तीने चमचे वाकविण्याचा दावा करून पाश्चात्त्य जगात खळबळ उडवून दिली. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रसेल टार्ग व हॅरॉल्ड पुटहॉफ या भौतिकशास्त्रज्ञांनी त्याच्यावर प्रयोग केले. ऑक्टोबर १९७४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकाने त्यांचा लेख छापला. त्यात धातू वाकविण्याचा दावा सिद्ध झाल्याचे म्हटलेले नव्हते, ही बाब जनमानसात पोहोचलीच नाही.

१ ऑगस्ट १९७३ रोजी गेलर जॉनी कार्सन यांच्या लोकप्रिय कार्यक्रमात आला. कार्सन स्वतः तरुणपणी जादूचे प्रयोग करीत असत. त्यांनी आधी रँडी यांचा सल्ला घेतला. साहित्य तुमचे स्वतःचे ठेवा आणि गेलर वा त्याची माणसे यांना प्रक्षेपणापूर्वी त्याच्याजवळ फिरकू देऊ नका, एवढाच तो सल्ला होता. वीस मिनिटांहून अधिक काळ गेलर प्रेक्षकांसमोर बसून राहिला आणि काहीही घडले नाही. परंतु त्याची लोकप्रियता ओसरली नाही. जादूगाराचा खेळ कधी फसत नाही, मग ज्याचा फसतो त्याची शक्ती खरीच असली पाहिजे, असा उफराटा युक्तिवाद अनेकांनी केला. पुराव्याच्या बळावर श्रद्धा ढळते, हे गृहीतक येथे उघडे पडले. विवेकवादी चळवळींनी या प्रसंगाचा व्हावा तितका विचार केला नाही, असे म्हणावे लागते. १९७५ मध्ये रँडी यांनी गेलरवर पुस्तक लिहिले, आणि १९७६ मध्ये पॉल कुर्ट्झ, मार्टिन गार्डनर, रे हायमन आदींसह अतींद्रिय दाव्यांची वैज्ञानिक तपासणी करणारी समिती स्थापन झाली.

‘प्रोजेक्ट अल्फा’ : एक नैतिक पेच

प्राध्यापकवर्गाला सर्वाधिक विचार करावयास लावणारे प्रकरण याच्या पुढचे आहे. १९७९ मध्ये विमाननिर्मिती उद्योगातील जेम्स मॅकडॉनेल यांनी सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाला परामानसशास्त्रीय संशोधनासाठी पाच लाख डॉलरचे अनुदान दिले. प्रयोगशाळेचे प्रमुख पीटर फिलिप्स हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. रँडी यांनी त्यांना पत्र पाठवून घ्यावयाच्या अकरा दक्षता कळविल्या व विनामूल्य मदत देऊ केली. ती त्या वेळी स्वीकारली गेली नाही. मग रँडी यांनी स्टीव्ह शॉ आणि मायकेल एडवर्ड्स या दोन होतकरू तरुण जादूगारांना अतींद्रिय शक्तीचे धनी म्हणून तेथे जाऊ दिले.

पुढे जे घडले ते कोणत्याही गहन विद्येचे फळ नव्हते. चमच्यांना ओळखीसाठी दोऱ्याने कागदी चिठ्ठ्या बांधलेल्या असत. मुले त्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करीत, आणि पुन्हा मोजमाप घेतले की प्रत्येक चमच्याचा आकार ‘बदललेला’ आढळे. रात्री बंद राहणाऱ्या प्रयोगशाळेची खिडकी ते दिवसा कडी न लावता ठेवीत. अशा रीतीने दीडशेहून अधिक तासांचे प्रयोग पार पडले. मुलांना रँडी यांची एक स्पष्ट सूचना होती. ‘तुम्ही लबाडी करता काय?’ असे कोणीही थेट विचारल्यास तत्काळ होकार द्यायचा आणि कोणी पाठविले तेही सांगायचे. हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. १९८१ मध्ये प्रयोगांच्या चित्रफितीवर टीका झाल्यानंतर फिलिप्स यांनी रँडी यांचा सल्ला घेतला व दक्षता कडक केल्या. त्याबरोबर ‘शक्ती’ मावळल्या. १९८३ च्या प्रारंभी रँडी यांनी पत्रकार परिषदेत सारा प्रकार जाहीर केला आणि १९८५ मध्ये ती प्रयोगशाळा बंद पडली.

या प्रकरणाकडे दोन्ही बाजूंनी पाहणे आवश्यक आहे. निसर्ग संशोधकाला चकवतो, पण ठरवून खोटे बोलत नाही. म्हणून संशोधकाचे प्रशिक्षण निसर्गावर विश्वास ठेवून घडलेले असते आणि लबाड माणसासमोर ते अपुरे पडते, हा रँडी यांचा मुद्दा निर्विवादपणे सिद्ध झाला. मात्र तो सिद्ध करताना सहकार्याच्या विश्वासावर चालणाऱ्या संस्थेत सुमारे चार वर्षे असत्य पेरले गेले. मानवी संमतीविना माणसांवर केलेला हा प्रयोगच नव्हता काय, हा त्या वेळचा आक्षेप आजही सहज निकालात काढता येत नाही. मदतीचा हात आधी पुढे केला होता, हे रँडी यांचे उत्तर बळकट असले तरी पुरेसे नाही.

श्रद्धोपचार आणि पाण्याची ‘स्मृती’

१९८६ मध्ये त्यांनी उघड केलेले पीटर पोपॉफ या धर्मोपदेशकाचे प्रकरण नैतिकदृष्ट्या तुलनेने सरळ होते. पोपॉफ हजारोंच्या सभेत अनोळखी रुग्णांची नावे, पत्ते व आजार सांगत असे. रँडी यांच्या सहकाऱ्यांनी सभागृहात रेडिओ लहरी टिपणारे यंत्र नेले, तेव्हा ३९.१७ मेगाहर्ट्‌झवर पोपॉफच्या पत्नीचा आवाज ऐकू आला. भाविकांनी आधी भरून दिलेल्या कार्डांवरील माहिती ती नवऱ्याच्या कानातील यंत्रात सांगत होती. ध्वनिमुद्रण कार्सन यांच्या कार्यक्रमात ऐकविण्यात आले आणि १९८७ मध्ये पोपॉफने दिवाळे जाहीर केले. काही वर्षांनी तो पुन्हा दूरचित्रवाणीवर परतला, हेही नोंदवायला हवे. याच १९८६ मध्ये रँडी यांना २,७२,००० डॉलरची मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. तिचा मोठा भाग पुढे अब्रुनुकसानीच्या खटल्यांत खर्ची पडला.

१९८८ मध्ये फ्रेंच संशोधक जाक बेन्व्हेनिस्त यांनी ‘नेचर’मध्ये असे मांडले, की एकही रेणू शिल्लक राहू नये इतके विरल केलेले प्रतिपिंडाचे द्रावण रक्तपेशींवर परिणाम करते. संपादक जॉन मॅडॉक्स यांनी प्रत्यक्ष तपासणीच्या अटीवर लेख छापला आणि वॉल्टर स्टुअर्ट व रँडी यांना घेऊन ते पॅरिसजवळील प्रयोगशाळेत गेले. कोणत्या नळीत काय आहे हे सांगणारी सांकेतिक यादी अ‍ॅल्युमिनियमच्या वर्खात गुंडाळून, लिफाफ्यात घालून छताला चिकटविण्यात आली. ही व्यवस्था एखाद्या प्रहसनात शोभावी अशी होती, पण तिच्यामुळे नळ्या मोजणाऱ्या संशोधकांना उत्तर आधी ठाऊक असण्याची शक्यताच उरली नाही. या चाचण्यांत परिणाम दिसला नाही. होमिओपॅथीची महाविद्यालये मोठ्या संख्येने असलेल्या महाराष्ट्रात हे प्रकरण अभ्यासक्रमाबाहेरच राहिले, याचे नवल वाटते.

भारतातील समांतर प्रवाह

बक्षिसाच्या आव्हानाची कल्पना आपल्याकडेही त्याच दशकात आली होती. मूळचे केरळचे व श्रीलंकेत स्थायिक झालेले अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये चमत्कार सिद्ध करणाऱ्यास एक लाख रुपये देऊ केले. ते कार्य पुढे बी. प्रेमानंद यांनी चालविले. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी चमत्कार करून दाखवीत व मग त्यामागील हातचलाखी समजावून सांगत. हे प्रवाह रँडी यांच्या अनुकरणातून निघालेले नव्हते. तिकडे लढाई मुख्यतः कॅमेऱ्यासमोर व न्यायालयात झाली. इकडे ती गावाच्या चौकात झाली, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली.

उत्तरायुष्य

१९९६ मध्ये रँडी यांनी स्वतःच्या नावाचे शैक्षणिक प्रतिष्ठान स्थापन केले. दहा लाख डॉलरच्या आव्हानासाठी हजारावर अर्ज आले, परंतु प्राथमिक चाचणीही कोणी उत्तीर्ण झाले नाही. २०१५ मध्ये ते आव्हान समाप्त करण्यात आले. या काळात त्यांच्या अधिकाराच्या मर्यादाही दिसून आल्या. डिसेंबर २००९ मध्ये त्यांनी हवामानबदलातील मानवी वाट्याविषयी शंका व्यक्त केली. शास्त्रज्ञांनी टीका केल्यावर त्यांना खुलासा करावा लागला. लबाडी ओळखण्याचे कसब आणि एखाद्या शास्त्रातील अधिकार या भिन्न गोष्टी आहेत, याचे भान खुद्द त्यांनाच येथे राहिले नाही.

याहून अवघड प्रसंग घरातलाच होता. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रसारमाध्यमे किती सहज फसतात हे दाखविण्यासाठी त्यांनी होझे अल्वारेझ या तरुण चित्रकाराला ‘कार्लोस’ नामक प्राचीन आत्म्याचे माध्यम म्हणून सादर केले होते. अल्वारेझ त्यांचे जीवनसाथी होते. २०११ मध्ये असे उघड झाले, की ते नावच दुसऱ्या माणसाचे होते. व्हेनेझुएलातून आलेल्या डेव्ही पेन्या यांनी अमेरिकेत राहण्यासाठी परक्याची ओळख वापरली होती. २०१२ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला आणि २०१३ मध्ये दोघांनी विवाह केला. २०१४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘अ‍ॅन ऑनेस्ट लायर’ या माहितीपटात रँडी यांना याविषयी अडचणीचे प्रश्न विचारलेले आहेत आणि ते त्यांना टाळता आलेले नाहीत.

२० ऑक्टोबर २०२० रोजी फ्लोरिडा राज्यात त्यांचे निधन झाले. वयाने थकल्यावरही त्यांचा मिश्कीलपणा उणावला नव्हता. आपले दहन करावे आणि रक्षा उरी गेलरच्या डोळ्यांत फुंकावी, अशी आपली अंतिम इच्छा असल्याचे ते भेटणाऱ्यांना सांगत असत.