राखीव हवाई छत्रीतील पायलट छत्री

हवाई छत्रीच्या शिखराला अथवा ती ज्या आतल्या पिशवीत घडी करून ठेवलेली असते त्या पिशवीला जोडलेल्या लहान छत्रीस ‘पायलट छत्री’ म्हणतात. पाठपिशवी उघडताच ती प्रथम बाहेर पडते, हवेच्या प्रवाहात फुगते आणि मोठ्या छत्रीला मागोमाग ओढून काढते. मुख्य छत्रीत बिघाड झाल्यास उडी घेणाऱ्याचा जीव राखीव छत्रीवर अवलंबून असतो, म्हणून तिच्या पायलट छत्रीचा विचार स्वतंत्रपणे केला जातो.

आंद्रे झाक गार्नरँ याने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे बलूनमधून उडी घेतली, तेव्हा त्याची छत्री बलूनखालीच टांगलेली होती. पुढे चार्ल्स ब्रॉडविक याने छत्री पाठीवरील पिशवीत आणली. पण ती बाहेर खेचण्यासाठी दोरीचे एक टोक वाहनाला बांधावे लागे. वैमानिकाला कोलमडणाऱ्या विमानातून सुटायचे असेल, तर असा बंध घातकच ठरतो. तो काढून टाकला, तर छत्रीला पिशवीतून ओढणार कोण, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर पायलट छत्रीने दिले. अमेरिकेतील डेटनजवळच्या मकुक फील्ड येथे मेजर हॉफमन यांच्या देखरेखीखाली फ्लॉइड स्मिथ व इतरांनी तयार केलेल्या छत्रीत पाठीवरील मऊ पिशवी, हाताने ओढावयाची रिपकॉर्ड आणि पायलट छत्री या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. २८ एप्रिल १९१९ रोजी लेस्ली अर्व्हिन याने ती घेऊन उडी मारली. उतरताना त्याचा घोटा मोडला, परंतु तत्त्व सिद्ध झाले. २० ऑक्टोबर १९२२ रोजी त्याच ठिकाणी हॅरल्ड हॅरिस या वैमानिकाचे प्राण अशाच छत्रीने वाचले.

राखीव छत्रीचा इतिहास मात्र इतका सरळ नाही. छातीवर बांधावयाच्या जुन्या राखीव छत्र्यांपैकी अनेकींत पायलट छत्री नसे. मुख्य छत्री अर्धवट उघडून डोक्यावर फडफडत असता पायलट छत्री तिच्यातच गुरफटण्याचे भय असे. म्हणून राखीव छत्रीचे कापड दोन्ही हातांत धरून बाजूला फेकावे, असे शिकवीत. बिघडलेली मुख्य छत्री आधी तोडून टाकण्याची पद्धत रूढ झाल्यावर आणि दोन्ही छत्र्या पाठीवर एकाखाली एक आल्यावर हा उपाय निरुपयोगी झाला, कारण पाठीवरची छत्री हाताने फेकता येत नाही. राखीव छत्रीला स्प्रिंगची पायलट छत्री तेव्हापासून अपरिहार्य झाली. १९७० नंतरच्या दशकात बिल बूथ याने मुख्य छत्रीसाठी हाताने फेकावयाची, बिनस्प्रिंगची पायलट छत्री प्रचारात आणली. राखीव छत्रीने हा बदल स्वीकारला नाही, व ते योग्यच झाले. गोंधळलेल्या किंवा बेशुद्ध माणसाच्या हातावर विसंबणे तिला परवडणारे नव्हते.

पोट खाली करून पडणाऱ्या माणसाच्या पाठीवर मंद हवेचा व भोवऱ्यांचा पट्टा तयार होतो. त्यात सापडलेली पायलट छत्री फुगत नाही, पाठीवरच लोळत राहते. मुक्त पतनाचा वेग सेकंदाला सु. ५५ मी. असल्याने अशा एका सेकंदाच्या खोळंब्याची किंमत तेवढ्याच उंचीने मोजावी लागते. उलट, मुख्य छत्री तोडल्यानंतर लगेच वेग फार कमी असतो. हवेची ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग दहावा हिस्सा झाला, तर ओढ शंभरावा हिस्सा उरते. या दोन्ही टोकांना उपयोगी पडावी म्हणून जोरदार स्प्रिंग वापरतात. काही रचनांत पायलट छत्रीची टोपी उघडी राहते, तर काहींत ती पाठपिशवीच्या पाकळ्यांखाली झाकलेली असते. पहिलीत उसळीला अडथळा कमी. दुसरीत वाऱ्यापासून व घासण्यापासून संरक्षण अधिक. पायलट छत्री व आतली पिशवी यांना जोडणारी पट्टीही मुद्दाम रुंद ठेवतात. पायलट छत्री शरीरात अडकली तरी वाऱ्याने फुगलेली पट्टी पिशवीला ओढू शकते. आणि ही पिशवी छत्रीला बांधलेली नसल्यामुळे छत्री तिच्यातून मोकळी सुटते.

हे सारे घडी घालणाऱ्याच्या हातावर अवलंबून आहे. अमेरिकेत हे काम परवानाधारक रिगरच करू शकतो. पट्टीच्या सपाट घड्या पिशवीवर मांडून त्यांवर पायलट छत्री ठेवतात. स्प्रिंग सरळ दाबावी लागते. ती तिरपी बसली, तर तिरपीच उडते. तिच्या वेटोळ्यांत कापड चिमटले जाऊ नये, म्हणून ते बोटांनी बाहेर काढून नेमून दिल्याप्रमाणे दुमडतात. मग दोरीचा फासा वर ओढून तात्पुरती पिन व शेवटी रिपकॉर्डची पिन घालतात. फासा लांब झाला, तर स्प्रिंग पुरेशी दाबली जात नाही. आखूड झाला, तर पिन ओढणे जड जाते. हा जोर १० किग्रॅ. भाराच्या आसपासच्या मर्यादेत असावा लागतो. तात्पुरती पिन आत राहिली, तर छत्री उघडणारच नाही, म्हणून काम संपल्यावर हत्यारे मोजण्याचा दंडक आहे. त्यानंतर पिनेवर शिशाची मोहोर लावून पत्रिकेवर नोंद करतात. ही घडी पूर्वी १२० दिवसांनी बदलावी लागे. २००८ मध्ये अमेरिकेत ही मुदत १८० दिवसांची झाली.

हेल्मुट क्लोट याने १९९१ मध्ये आणलेल्या ‘सायप्रेस’ या स्वयंचलित साधनाने पायलट छत्रीची परीक्षा अधिक कठीण केली. सु. २२५ मी. उंचीवर वेग सेकंदाला ३५ मी.हून जास्त आढळल्यास ते फासा कापते. पूर्ण वेगाने पडणाऱ्यास तेथून जमीन चार सेकंदांवर असते. घट्ट, लहान पाठपिशव्यांची आवड वाढल्यावर हे अंतर अपुरे पडू शकते, हे ध्यानात आले. दिसण्यासाठी केलेली ही तडजोड समर्थनीय नव्हती. अमेरिकेतील पॅराशूट संघटनेने २०१३ मध्ये अनुभवी उडी घेणाऱ्यांसाठी छत्री उघडण्याची किमान उंची २,००० फुटांवरून २,५०० फुटांवर (सु. ७६० मी.) नेली, त्यामुळे हे साधन अधिक उंचीवर कार्यान्वित होईल असे लावण्यास वाव मिळाला.

तोडलेल्या मुख्य छत्रीच्याच ओढीने राखीव छत्रीची पिशवी बाहेर काढणारी बूथची ‘स्कायहुक’ ही योजना एकविसाव्या शतकाच्या आरंभी आली. तिच्यात निरुपयोगी झालेली मुख्य छत्री फार मोठ्या पायलट छत्रीचे काम करते. मुख्य छत्री पाठपिशवीतून निघालीच नसेल, तर मात्र या योजनेचा उपयोग होत नाही. तेथे स्प्रिंगच्या पायलट छत्रीलाच ते काम करावे लागते.