रयत माउली आणि साताऱ्याचे वसतिगृह

मुलांना चांगले वळण कसे लावावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीतील मातांना पडत आला आहे. मुले हाताने काम करीत नाहीत, त्यांना काटकसर ठाऊक नाही, दुसऱ्याचा मान राखणे त्यांना जमत नाही, ही तक्रार काही आजची नव्हे. नुसत्या उपदेशाने वळण लागते तर ती केव्हाच मिटली असती. ते कशाने लागते हे पाहावयाचे असेल, तर साताऱ्याच्या एका वसतिगृहाचा इतिहास आपण भगिनींनी अवश्य आठवावा.

कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कराडजवळील काले ह्या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्यापूर्वी ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते गावोगाव हिंडले होते व खेड्यातील अज्ञान त्यांनी जवळून पाहिले होते. संस्थेचे हेतू ठरविताना त्यांनी केवळ अक्षरओळखीवर समाधान मानले नाही. मुले काटकसरी, स्वावलंबी, शीलवान व उत्साही व्हावीत आणि निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांत प्रेमभाव वाढावा, हेही त्यांत आवर्जून घातले.

१९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले व वसतिगृह सुरू झाले. तेथे नोकरचाकर नव्हते. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे, सरपण आणणे, शेतात राबणे, सारे मुलांनीच करावयाचे. आपण शिजविलेले अन्न पानात टाकू नये, हे ज्याने चुलीपुढे बसून भाकरी थापली त्याला सांगावे लागत नाही. आपली जागा आपण झाडली की स्वच्छतेची गोडी आपोआप लागते. ‘कमवा आणि शिका’ ही पुढे प्रसिद्ध झालेली योजना अशा रोजच्या कामांतूनच वाढली.

परंतु सर्वांत मोठा धडा पंगतीचा होता. ज्या काळी अस्पृश्य मानलेल्या मुलाची सावलीही टाळली जाई, त्या काळी येथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एका चुलीवरचे अन्न एका पंगतीत जेवत. आदर म्हणजे केवळ वडीलधाऱ्यांपुढे वाकणे नव्हे. शेजारी बसलेल्याला आपल्या बरोबरीचा मानणे हाही आदरच, हे ती मुले जेवता जेवता शिकली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते ह्या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

ह्या साऱ्या खटाटोपात चुलीजवळ उभी होती ती भाऊरावांची पत्नी लक्ष्मीबाई. सोवळ्या-ओवळ्याच्या दिवसांत वाढलेल्या ह्या माउलीने परक्यांच्या, सर्व जातींच्या मुलांना आपली म्हटले. त्यांचे दुखणेखुपणे पाहिले, त्यांच्या पोटाची काळजी वाहिली. पैशांची ओढ नित्याचीच होती. एकेक करून अंगावरचे दागिने गेले. शेवटी एकदा भाऊराव बाहेरगावी असता वसतिगृहातील धान्य संपले, तेव्हा मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. त्या काळातील सौभाग्यवतीला हे किती अवघड गेले असेल, हे आपणांस सांगावयास नको. १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थेची भरभराट पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पुढे १९३५ साली साताऱ्यास शिक्षक तयार करणारे अध्यापक विद्यालय, १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल व १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. १९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण मिळाले व त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले. संस्थेचा वटवृक्ष झाला. पण त्याच्या मुळांना पाणी घातले ते एका गृहिणीने.

भगिनींनो, आपल्यापाशी वसतिगृह नसेल, पण घर आहे. मुलगा असो की मुलगी, आपले ताट आपण उचलावे, आपले कपडे आपण धुवावेत, घरी येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कामकरी का असेना, आपण पितो त्याच पेल्यातून पाणी द्यावे, एवढे जरी आपण घरात रुजविले तरी पुष्कळ झाले. मात्र ते आपण स्वतः आधी करून दाखविले पाहिजे. लक्ष्मीबाईंनी तेच केले. वर्धापनदिनी त्यांचे स्मरण करावयाचे ते ह्यासाठीच.