दुखण्याला नाव मिळाले त्याची कथा

“वय झालं, आता अंग दुखायचंच!” हे वाक्य, श्रोतेहो, आपल्या घराघरांतून ऐकू येते. मुलगा म्हणतो, सून म्हणते, आणि शेवटी म्हातारा स्वतःच म्हणू लागतो. पण म्हातारपणाच्या पदरात टाकलेले प्रत्येक दुखणे म्हातारपणाचे असतेच असे नाही. अशाच एका दुखण्याला स्वतःचे नाव मिळण्यास सुमारे सत्तर वर्षे लागली. त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

ह्या कथेचा आरंभ स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात होतो. तेथे स्ट्रॅथपेफर नावाचे एक गाव आहे. आपल्याकडे संधिवाताची माणसे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर जातात ना, तशी तिकडची माणसे स्ट्रॅथपेफरच्या गंधकयुक्त झऱ्यांवर येत. जवळच्या डिंगवॉल गावचे डॉक्टर विल्यम ब्रूस ह्यांनी साठी उलटलेल्या पाच रोग्यांची हकीकत 1888 साली प्रसिद्ध केली. अंग दुखून ताठरणारे हे दुखणे नेहमीच्या संधिवातात बसेना. म्हणून त्यांनी त्याला म्हातारपणचा संधिवाती गाउट असे वेगळे नाव दिले. पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

पुढे 1953 साली फ्रान्समधील फोरेस्त्ये व सेर्तोंसिनी ह्या डॉक्टरांनी ह्याच दुखण्याला ‘खोटा संधिवात’ अशा अर्थाचे नाव दिले. हातापायांच्या मुळाशी, म्हणजे खांद्यांत व कमरेच्या खुब्यांत दुखते, हेही त्यांनी नावातच सांगितले. शेवटी 1957 साली इंग्लंडमधील स्टुअर्ट बार्बर ह्यांनी ‘पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका’ हे नाव सुचविले आणि तेच रूढ झाले. नाव लांबलचक, पण अर्थ सरळ: अनेक स्नायूंची संधिवाती वेदना.

आता एक गंमत पाहा. फोरेस्त्ये ज्या एक्स-ले-बँ गावी काम करीत, तेही झऱ्यांचेच गाव! झऱ्याच्या पाण्याने शेक मिळे, बरे वाटे, इतकेच. खरा लाभ निराळा होता. अशा ठिकाणी पुष्कळ म्हातारी माणसे एकत्र येत आणि त्यांचे ऐकून घेणारा डॉक्टर तेथे बसलेला असे. एकाची तक्रार ती कुरकुर वाटते. पाच जणांची एकसारखी तक्रार नीट लिहून ठेवली की तिच्यातून रोग ओळखू येतो.

मधल्या काळात औषधही सापडले होते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच ह्यांनी 1948 साली संधिवाताच्या रोग्यास कॉर्टिझोन दिले. 1950 साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. त्याच जातीच्या औषधाची थोडी मात्रा ह्या दुखण्यावर लागू पडते. काही दिवसांतच रोगी हात वर करू लागतो. मात्र ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यावे लागते आणि हळूहळू कमी करावे लागते. बहुधा वर्ष-दोन वर्षे. बरे वाटले म्हणून एकदम सोडणे धोक्याचे.

ह्या कथेचा दुसरा धागा टोपीचा आहे. लंडनचे जोनाथन हचिन्सन ह्यांनी 1890 साली एका वृद्धाची हकीकत लिहिली. त्याच्या कानशिलावरच्या रक्तवाहिन्या इतक्या सुजून दुखत, की त्याला टोपी घालवेना. हा रक्तवाहिन्यांचा दाह आणि आपले हे स्नायूंचे दुखणे ह्यांचे जवळचे नाते आहे, हे 1960 साली पॉली व ह्यूज ह्यांनी ठासून मांडले. हे नाते महत्त्वाचे, कारण त्या दाहाने डोळ्यांची दृष्टी कायमची जाऊ शकते.

तेव्हा खुणा ध्यानात ठेवाव्यात. हे दुखणे पन्नाशीनंतर, बहुधा सत्तरीच्या आसपास येते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. उत्तर युरोपात ते पुष्कळ दिसते, आपल्याकडे कमी. म्हणूनच नजरेतून निसटते. दोन्ही खांदे, मान, खुबे दुखतात. सकाळी अंग पाऊण तास किंवा अधिक वेळ आखडलेले राहते. केस विंचरणे, सदरा अंगात घालणे, बाजेवर कूस बदलणे जड जाते. थकवा येतो, बारीक ताप येतो, वजन उतरते. रक्ताच्या साध्या तपासणीत बहुधा अंगातला दाह कळतो. ह्यांच्या जोडीला कानशील दुखू लागले, घास चावताना जबडा दुखला किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उद्यावर टाकू नये.

शिक्षकबंधूंनी वर्गात हा इतिहास अवश्य सांगावा. मुलांच्या घरी आजी-आजोबा असतात. सकाळी आजीचा हात वेणीपर्यंत पोचत नाही, हे घरात सर्वांत आधी कदाचित नातीच्याच लक्षात येईल. तिने ते सांगितले, आणि घरच्यांनी “वय झालं” म्हणून ते उडवून लावले नाही, तर आजीला वेळेवर उपचार मिळतील.